हाताला ताकद आहे, स्पर्श कळत नाही. तपासणी कशी करतात?

प्रश्न (गिरगाव): पक्षाघातानंतर बाबांचा बार्थेल स्कोअर (रोजची कामं स्वतःची स्वतः किती जमतात त्याचे गुण) १०० पैकी ९५. पण उजव्या हाताला खिशातला लोकलचा पास सापडत नाही, नजर हटली की कप सुटतो. मग हे गुण कसले?

उत्तर (ऑक्युपेशनल थेरपिस्ट, परळ): बार्थेल १९६५ सालचं. दहा कामांत मदत किती लागते एवढंच ते मोजतं. कुठल्या हाताने, कसं केलं, ते नाही. मी सरळ चहा करायला लावते आणि बघते: पकड उगाच घट्ट होते का, डोळे हातावरच खिळतात का. कॉलरचं बटण तर दिसतच नाही, तिथे खरं कळतं. आणि आंघोळीचं पाणी डाव्या हाताने बघायला सांगा, उजव्याला भाजलेलं कळणार नाही.

उत्तर (दुसरे वाचक): चहाऐवजी आमच्या आईला पोळी लाटताना बघा म्हणावं!

प्रश्नकर्ता: बटण सांगितलं, तर बाबांचा डावाच हात पुढे आला.