उंचसखल रानात रोटरी कटर कुठे माती खरवडतो, कुठे गवत तसंच ठेवतो

रानवाट:

नमस्कार मंडळी. माझ्याकडे पाच फुटी रोटरी कटर आहे (ट्रॅक्टरमागे जोडून फिरत्या पात्यांनी गवत कापणारा), मागे एकच चाक. ट्रॅक्टर ४५ एचपीचा. सपाटीवर हा कटर इतकं एकसारखं कापतो की बघत राहावं. पण माझं निम्मं रान उंचसखल आहे. जुन्या वरंब्यांच्या खुणा, मधेमधे वारुळं, आणि आडवा गेलेला एक चर, फूटभर खोल आणि चार हात रुंद. तिथे गेलं की सगळं बिघडतं.

पुढची चाकं चरात उतरली की अख्खा कटर मागून उचलला जातो. मागचं चाक हवेत, आणि तेवढ्या पट्ट्यात गवत गुडघाभर तसंच. मग ट्रॅक्टरची मागची चाकं चरात गेली की उलटा प्रकार, कटरची पुढची कड काठात घुसते, माती उडते, इंजिन दबतं. चढून वर येताना शाफ्टकडून (इंजिनाचा जोर कटरपर्यंत नेणारा फिरता दांडा) 'ठक्' असा जड आवाज येतो. दर वेळी येत नाही, पण येतो तेव्हा सीटखाली जाणवतो.

आतापर्यंत केलेलं सांगतो. पक्क्या सपाट जागेवर उभा करून टेपने मोजलं, पुढे ५ इंच, मागे साडेपाच. टॉप लिंक (कटरला वरून ट्रॅक्टरशी जोडणारा, फिरवून लांब-आखूड होणारा दांडा) तीन फेरे आखूड केली तर कड आणखी खाली जाते. दोन फेरे लांब केली तर खरवडणं थोडं कमी होतं, पण मागची बाजू खाली बसून कापलेलं गवत पुन्हा पुन्हा पात्यात येतं, त्याचा भुगा होतो आणि इंजिनावर ताण पडतो.

ज्या जागी टक्कल पडलं होतं तिथली माती गेल्या पावसात वाहून गेली. चराचा काठ दरवर्षी वीतभर मागे सरकतोय. गवत आटोक्यात ठेवायला जातो आणि रानच सोलून काढतोय, हे मनाला फार लागतं. कोणी नीट समजावून सांगेल का?

मोकळंमाळ:

सोपं आहे. लिफ्ट पूर्ण खाली सोडा, कटर दोन्ही बाजूंच्या स्किडवर (खालच्या लोखंडी घसरपट्ट्यांवर) टेकू द्या. जमीन जशी जाईल तसा तोही जाईल. मी असंच चालवतो.

जुनंलोखंड:

रानवाट, उत्तर द्यायच्या आधी मला दोन गोष्टी कळल्या पाहिजेत. कटरच्या उभ्या ए-फ्रेमवर टॉप लिंकची पिन जिथे बसते तिथे झुलत्या पट्ट्या आहेत का, आणि त्या हाताने पुढेमागे हलतात का? दुसरं, पीटीओ (ट्रॅक्टरच्या मागचं फिरतं टोक) शाफ्टला मूळ यंत्रात नसलेलं काही मधे जोडलंय का? त्या 'ठक्' आवाजाची मला चरापेक्षा जास्त काळजी वाटते. कळेपर्यंत चर ओलांडू नका.

मोकळंमाळ, तुमचं रान बहुधा मऊ मातीचं आणि बिनदगडाचं असणार. स्किड हा आधार आहे, चाक नव्हे. सतत त्यावर ओढलं तर स्किडच्या पट्ट्या झिजतात, आणि वारुळाला स्किड अडकलं की सगळा धक्का लोअर लिंकच्या (कटर धरणाऱ्या खालच्या दोन हातांच्या) पिनांवर येतो. स्किड अधूनमधून टेकावं, कायम घासू नये.

रानवाट:

काका, झुलत्या पट्ट्या आहेत. पण त्या फार खडखडायच्या, आणि कटर उचलला की मागची बाजू लोंबायची. म्हणून मी मधे एक बोल्ट टाकून त्या आवळून टाकल्या होत्या. दोन वर्षं झाली.

शाफ्टचं म्हणाल तर गेल्या वर्षी ट्रॅक्टरच्या बाजूला ओव्हररनिंग क्लच (जोर एकाच दिशेने जाऊ देणारा) बसवला. माझ्या ट्रॅक्टरला क्लच दाबला तरी फिरत्या पात्यांचा जोर उलटा गिअरबॉक्समधून चाकांना मिळायचा आणि ट्रॅक्टर दोन-तीन पावलं पुढे ढकलला जायचा. एकदा कुंपणाशी जेमतेम थांबलो, त्यानंतर लगेच बसवला.

जुनंलोखंड:

मग दोन्ही दुखणी सापडली. ओव्हररनिंग क्लच बसवला हे उत्तम केलंत, तो काढू नका. पण त्याने शाफ्टची लांबी चारेक इंचांनी वाढली असणार. शाफ्ट कापून आखूड केलात का? तुम्ही लिहिलं नाहीत म्हणजे नसावा. आतली नळी बाहेरच्या नळीत पूर्ण शिरते आणि पुढे जागाच उरत नाही, तो तुमचा 'ठक्'. त्या क्षणी कटरचा गिअरबॉक्स आणि ट्रॅक्टरचा पीटीओ एकमेकांना मधल्या लोखंडी दांड्याने ढकलत असतात. आधी सील जातं, मग बेअरिंग.

आता क्रम महत्त्वाचा आहे, म्हणून हे दोनदा वाचा. आधी शाफ्ट, मग टॉप लिंक. पट्ट्या मोकळ्या केल्यावर कटर ट्रॅक्टरच्या जास्त जवळ कलू शकतो. ट्रॅक्टर नाक वर करून चढतोय आणि कटर अजून खाली उतरतोय, अशा वेळी दोघांमधला वरचा कोन मिटतो आणि शाफ्टला आणखी आखूड व्हावं लागतं. शाफ्ट तसाच ठेवून पट्ट्या सोडल्यात तर आज अधूनमधून बसणारा ठोका रोज बसेल.

मोजायचं असं. इंजिन बंद, किल्ली खिशात. शाफ्टचे दोन भाग वेगळे करून एक टोक पीटीओवर, एक गिअरबॉक्सवर चढवा. कटर उचलून अशा उंचीवर आणा की पीटीओ आणि गिअरबॉक्सचं टोक एका रेषेत येतील. शाफ्ट जवळजवळ तिथेच सर्वांत आखूड असतो. कटरखाली लाकडी ठोकळे लावा, नुसत्या हायड्रोलिकवर उचललेल्या कटरजवळ वाकायचं नाही. दोन्ही भाग शेजारी धरून बघा. एरवी एक इंच मोकळीक पुरते, तुमच्या रानाला मी दोन ठेवीन. जेवढं जास्त असेल तेवढं आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही नळ्यांमधून सारखं कापा, प्लॅस्टिकचं आवरणही तेवढंच. कापलेली कड कानसीने घासा, आतला चुरा पुसा, ग्रीस लावा. मग उलटी तपासणी: कटर खाली सोडून आणि वर उचलून, शाफ्ट सर्वांत लांब होतो तिथेही नळ्या एकमेकींत किमान एक तृतीयांश राहिल्या पाहिजेत. वर उचलल्यावर तेवढ्या राहत नसतील तर लिफ्टची उंची मर्यादित करा. तसंही पातं फिरत असताना कटर फार उंच उचलणं चूकच, क्रॉस जॉइंटचा (शाफ्टच्या टोकांच्या वळत्या सांध्यांचा) कोन वाढून ते थरथरायला लागतात.

आता टॉप लिंक. तो बोल्ट काढा. पट्ट्या खडखडतात कारण त्यांचं कामच हलण्याचं आहे. पट्ट्या आवळल्या की कटर ट्रॅक्टरचं शेपूट होतो. ट्रॅक्टरने नाक खाली घातलं की शेपूट वर. तुमचं मागचं चाक हवेत जातं ते यामुळे. पट्ट्या मोकळ्या असल्या की कटर पुढे लोअर लिंकच्या दोन पिनांवर टांगलेला आणि मागे आपल्या चाकावर टेकलेला, मधे बिजागरी. ट्रॅक्टर डुलला तरी मागचं चाक जमीन सोडत नाही.

सपाटीवर कटर कापायच्या उंचीला आणा आणि पट्ट्या ओळंब्यात उभ्या राहतील इतकी टॉप लिंक फिरवा. म्हणजे त्यांना पुढेही जायला जागा, मागेही. उचलताना आधी पुढची बाजू उठेल, पट्ट्या ताणल्या जातील, मग मागचं चाक सुटेल. मागची बाजू लोंबते ती याचमुळे, तो बिघाड नाही. रस्त्याने नेताना चाक घासत असेल तर तेवढ्यापुरती टॉप लिंक आखूड करा आणि आट्यांवर रंगाची खूण ठेवा, परत त्याच जागी आणायला.

आणि तुम्ही पुढेमागे उतार टॉप लिंकने देत होतात, तो आता तिने मिळणार नाही. पट्ट्या मोकळ्या असताना टॉप लिंक कटरला धरतच नाही. पुढची उंची लिफ्टवर, मागची उंची मागच्या चाकाच्या भोकांवर. पुढची बाजू अर्धा ते एक इंच खाली हवी. मोजताना पत्र्याच्या कडेवरून मोजू नका, पत्रा वाकलेला असू शकतो. पातं हाताने पुढेमागे वळवून त्याच्या टोकापासून जमिनीपर्यंत मोजा. (हातमोजे घालून, आणि ठोकळे लावलेलेच असू द्या.)

सरळओळ:

काकांनी लांबीच्या दिशेचं सांगितलं, मी आडव्या दिशेचं सांगते. आमच्याकडे वरंब्यांचंच रान होतं आणि डावीकडे टक्कल, उजवीकडे गवत असं वर्षभर चाललं. आधी दोन्ही मागच्या टायरांतली हवा तपासा. मी लेव्हलिंगचं हँडल फिरवून फिरवून थकले होते आणि दोष निघाला एका टायरात कमी असलेल्या हवेचा. हवा सारखी करून मग उजव्या लिफ्ट रॉडच्या (खालचा हात उचलणाऱ्या उभ्या दांड्याच्या) हँडलने कटर आडवा समपातळीत आणा.

दुसरं, बऱ्याच ट्रॅक्टरांच्या लिफ्ट रॉडला खालच्या टोकाशी गोल भोकाशेजारी एक लांबट भोक असतं. पिन त्यात घातली की त्या बाजूचा हात इंच-दीड इंच आपोआप वर जाऊ शकतो. ट्रॅक्टरचं एक चाक वरंब्यावर चढलं तरी कटर लगेच तिरका होत नाही. गवतासाठी मी लांबटच वापरते, नांगराला गोल. बाजूच्या साखळ्याही ताठ आवळू नका, थोडं डावं-उजवं हलू द्या, फक्त कटर टायरला लागता कामा नये.

लिफ्टचा ड्राफ्ट (ओढीच्या ताणानुसार आपोआप वर-खाली होणं) बंद करून पोझिशनवरच (लिव्हरने ठरवलेल्या उंचीवर) चालवा. मी तर वरून दोन चेक चेन लावल्यात. पुढची बाजू त्या साखळ्यांवर ठरलेल्या उंचीला लटकते आणि लिव्हर पूर्ण खाली असतो. उंचवटा आला की पुढची बाजू हलकेच वर जाते, पण ठरल्यापेक्षा खाली कधीच जात नाही. माझ्या रानात टक्कल पडणं थांबलं ते या साखळ्यांनी.

जुनंलोखंड:

चेक चेनचं ताईंनी फार चांगलं सांगितलं. मी विसरलो होतो.

एक गोष्ट मात्र कुठल्याही सेटिंगने सुटणार नाही. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरपासून कटरच्या चाकापर्यंतचं अंतर मोजा. माझ्याकडे साडेनऊ फूट आहे. दोन टेकूंच्या मधोमध पातं फिरतं. आठ इंची वारूळ त्या मधल्या जागेत आलं आणि तुमची उंची पाच इंच असली, तर पातं त्यात शिरणारच. म्हणून उंची सपाटीवर ठरवू नका, सर्वांत वाईट जागेवर ठरवा. अशा रानात मी सहाच्या खाली जात नाही, आणि मोठी वारुळं कुदळीने उतरवून घेतो. दगडाचं तर विचारूच नका. माझा गिअरबॉक्स १:१.४७ चा आहे, म्हणजे पीटीओ ५४० वर असताना पातं मिनिटाला सुमारे ७९४ फेरे घेतं. पाच फुटी घेरात पात्याच्या टोकाचा वेग ताशी सव्वादोनशे किलोमीटरच्या पुढे जातो. त्याने फेकलेला दगड कुठे जाईल सांगता येत नाही. पुढचं-मागचं साखळीचं आवरण जाग्यावर असू द्या आणि रानात माणूस किंवा जनावर असेल तर पीटीओ बंद.

चर आडवा काटकोनात ओलांडू नका, थोडा तिरका घ्या, म्हणजे दोन्ही मागची चाकं एकदम पडत नाहीत. पण हे फूटभर चरापुरतंच. मोठ्या उतारावर तिरकं किंवा आडवं जाण्यात उलटण्याचा धोका असतो, तिथे सरळ वर-खालीच. मागची चाकं उतरायच्या आधी लिव्हर दोन बोटं वर घ्या, काठ पार झाला की परत खाली. तुमच्या काठाची माती यानेच वाचेल.

रानवाट:

दहा दिवसांनी लिहितोय. शाफ्ट खरोखर तळाला लागत होता, आतल्या नळीचं टोक चेपून चकचकीत झालं होतं. दोन्ही नळ्या सव्वातीन इंच कापल्या. गिअरबॉक्सच्या पुढच्या सीलमधून तेल पाझरत होतं, तेही बदललं. बेअरिंगला खेळ नाही, हात लावून दोनदा पाहिलं.

पट्ट्यांचा बोल्ट काढला, टॉप लिंक ओळंब्यावर आणली, पुढे ६ आणि मागे पावणेसात इंच ठेवलं. डाव्या टायरात हवा खरंच कमी होती, ताई. चेक चेन अजून केल्या नाहीत, सध्या लिव्हरनेच भागवतो.

काल चर ओलांडला. भावाला लांब बांधावर उभं करून बघायला सांगितलं होतं. पुढची चाकं उतरली तरी कटरचं चाक जमिनीलाच होतं. ठोका नाही. काठावर एके ठिकाणी अजून हातभर खरवडलं, तिथे लिव्हर उशिरा उचलला मी. पलीकडच्या बाजूला मात्र गवत सलग कापलं गेलं, मधला तो उभा पट्टा कुठेच नाही.

एक विचारायचं राहिलं. शिअर बोल्ट या दहा दिवसांत दोनदा तुटला, दोन्ही वेळा वारुळाच्या कडक मातीवर. जरा दणकट बोल्ट टाकू का?

जुनंलोखंड:

नको, अजिबात नको. तो तुटण्यासाठीच आहे. दणकट टाकलात तर पुढच्या वेळी गिअरबॉक्सचा दात तुटेल. पुस्तकात सांगितलेल्या ग्रेडचेच चार-पाच डब्यात ठेवा, आणि तुटला की पुढे जाण्याआधी दोन्ही पाती आपल्या बोल्टभोवती मोकळी फिरतात का ते बघा. एक पातं जाम असेल तर मऊ मातीतही बोल्ट तुटतो.