जिन्यातली खुर्ची

सेक्रेटरी काका: दुसऱ्या मजल्यावर जिन्यात कोणीतरी पुठ्ठ्याचं काहीतरी आणून ठेवलंय. ज्याचं असेल त्याने आज उचला, नाहीतर उद्या कचऱ्यात जाईल. कुठे आग लागली तर जबाबदार कोण?

मेघना २०३: काका थांबा थांबा!! खुर्ची आहे ती. मामांची. घरात रंगकाम चाललंय म्हणून दोन दिवस बाहेर ठेवली

अजय ३०१: खुर्ची?? मला वाटलं फ्रिजचं पॅकिंग 😂

मेघना २०३: हस तू. फ्रँक गेहरी, बिल्बाओचं गुगेनहाइम म्युझियम बांधणारा आर्किटेक्ट, त्याचं १९७२ चं डिझाइन आहे, विगल चेअर. ऑफिसात मॉडेल करायला खोक्याचा पुठ्ठा पडलेला असायचा, त्याचे थर चिकटवत गेला आणि दर थराला आतल्या नळ्यांची दिशा बदलली, म्हणजे एक उभा एक आडवा, की तोच लेचापेचा पुठ्ठा लाकडासारखा घट्ट होतो

शोभा काकू: अगं पण माझं वजन झेपेल का तिला 🙈

मेघना २०३: बिनधास्त बसा काकू, मामा रोज पेपर वाचायला त्यातच बसायचे

अजय ३०१: म्हणजे ७२ ची ओरिजिनल? लॉटरी लागली की

मेघना २०३: नाही रे, नंतरची आहे, विट्रा या फर्निचर कंपनीची. पहिल्या वेळी गेहरीने स्वतःच हे फर्निचर बनवणं लवकर बंद केलं, फर्निचर एवढं गाजलं की लोक आपल्याला आर्किटेक्ट समजणारच नाहीत असं वाटलं त्याला. काय माणूस

शोभा काकू: आत्ता बघून आले. बाजूला गुळगुळीत हार्डबोर्ड आणि बसायच्या जागी कापलेल्या कडा, अगदी कॉर्डुरॉयच्या पँटसारख्या रेघा, हात फिरवत बसावंसं वाटतं. पण मेघना, खालची घडी एका कोपऱ्यात मऊ लागतेय गं, फरशी पुसताना पाणी गेलेलं दिसतंय

मेघना २०३: अरे देवा. आले आले. कोणी उचलू नका, ओली असताना ओढली तर थर सुटतील

सेक्रेटरी काका: सोसायटीच्या ऑफिसात ठेव, कोरडं आहे. पंखा लावतो. आणि वर "खुर्ची आहे" असा कागद चिकटव, मलाच कळलं नाही तर सफाईवाल्यांना काय कळणार

मेघना २०३: चिकटवायचं नाही काका, टेप काढताना पुठ्ठ्याचा वरचा पापुद्रा निघून येतो. दोऱ्याने बांधते.