कमी बजेट आणि 'द रेड'

काही जण म्हणतात की कमी बजेटच्या ॲक्शनपटाला मोठा वितरक मिळाला तरच तो चालतो, चाहत्यांच्या चर्चेने काही होत नाही. 'द रेड' या इंडोनेशियन ॲक्शनपटाच्या बाबतीत मला हे पटत नाही.

दिग्दर्शक गॅरेथ एव्हन्सला आधी इंडोनेशियात 'बेरांदाल' नावाचा बराच मोठा चित्रपट करायचा होता. पैसे उभे राहिले नाहीत, म्हणून त्याने एकाच इमारतीत घडणारी गोष्ट लिहिली, तोच 'द रेड'. खर्च साधारण 11 लाख डॉलर. पण मारामारी बघा! यातले नट इको उवाइस आणि यायान रुहियान दोघेही सिलाट ही इंडोनेशियन युद्धकला शिकलेले, आणि मारामारीची आखणीही त्यांचीच. म्हणून कॅमेरा मागे थांबून पूर्ण चाल दाखवू शकतो, दर सेकंदाला कट मारून काही लपवावं लागत नाही. शेवटची दोन भाऊ विरुद्ध मॅड डॉग नावाचा खलनायक ही लढत तर मी कितीही वेळा बघू शकतो.

सप्टेंबर 2011 मध्ये टोरंटो चित्रपट महोत्सवाच्या मिडनाइट मॅडनेस विभागात तो दाखवला आणि तिथलं प्रेक्षक पारितोषिकही त्यालाच मिळालं. अमेरिकेत तो मार्च 2012 मध्ये लागला. मधल्या सहा महिन्यांत ॲक्शनवेड्या लोकांनीच त्याचं नाव तोंडोतोंडी जागं ठेवलं. पोस्टरवर ओळखीचा एकही चेहरा नव्हता. 2014 मध्ये दुसरा भाग आला, त्यात 'बेरांदाल'चीच कल्पना वापरली आहे. पहिल्या भागाला प्रेक्षक मिळाले नसते तर ती कागदावरच राहिली असती.