पाळकाला एम.डिव्ह. कशाला? म्हणणाऱ्यांसाठी

हट्टी_वाचक: काल इथे कोणीतरी ठोकून दिलंय, "येशूचे शिष्य पेत्र-योहान अशिक्षित होते, बायबलात प्रेषितांची कृत्ये 4:13 वाचा. बोलावणं असलं की पुरे, एम.डिव्ह.ची, म्हणजे चर्चच्या पाळकांसाठीच्या धर्मशास्त्र पदवीची, तीन वर्षं वाया." डोकंच उठलं. तेच पुस्तक 22व्या अध्यायापर्यंत वाचलं असतं तर ज्यू धर्मगुरू गमालिएलच्या पायाशी शिकलेला प्रेषित पौल भेटला असता. आणि पेत्र-योहान येशूबरोबर फिरत होते ते काय हवा खायला? तसा गुरू मिळाला असता तर मीही प्रवेश अर्ज भरला नसता.

साधा_विश्वासी: पोस्ट माझीच, आणि मी ठाम आहे. स्पर्जनसारखा नावाजलेला उपदेशक कुठल्या कॉलेजात गेला होता? आमच्याकडे पदवीधर पाळक आले. पहिल्याच उपदेशात धर्मशास्त्री बार्थ काय, बुल्टमान काय! लोक घड्याळाकडे बघत होते. माझे वडील अंथरुणाला खिळले होते, तिकडे मात्र साहेब फिरकले नाहीत.

हट्टी_वाचक: वडिलांचं वाचून वाईट वाटलं. पण स्पर्जनचं उदाहरण तुमच्याच अंगाशी येतंय. त्यानेच 1856 मध्ये पाळकांसाठी कॉलेज काढलं.

ग्रीकपीडित: नव्या कराराची मूळ भाषा म्हणून शिकवतात ते ग्रीक काढून टाका हो आधी! रात्र रात्र क्रियापदं घोकली. आता सॉफ्टवेअरमध्ये शब्दावर टिचकी मारली की काळ, विभक्ती, वचन सगळं समोर. त्यापेक्षा चर्चच्या मंडळीचा ताळेबंद वाचायला शिकवा.

हट्टी_वाचक: सॉफ्टवेअर व्याकरण सांगेल. बायबलात मार्क 16:9-20 ही वचनं कंसात का, हे पोराने विचारलं तर? सिनाइटिकस आणि व्हॅटिकॅनस या चौथ्या शतकातल्या हस्तलिखितांत मार्कचं शुभवर्तमान 16:8 लाच संपतं. माझ्या भाच्याला उत्तर मिळालं, "शंका सैतान घालतो." पोरगं यायचंच बंद झालं.

साधा_विश्वासी: म्हणजे व्यासपीठावरून सांगायचं की हे वचन खरं नाही? शाब्बास!

हट्टी_वाचक: कंसाचं कारण सांगा म्हणतोय. 'सर्प उचलतील' हे त्याच कंसातलं. अमेरिकेतला उपदेशक जॉर्ज हेन्सली त्यावर विसंबून साप हाताळायचा. 1955 मध्ये साप चावूनच गेला.

साधा_विश्वासी: एका माथेफिरूवरून सगळ्यांना झोडपू नका. आम्ही साप धरतो का?

वॉर्डातला_पाळक: मार्क जरा बाजूला ठेवा. सीपीई, म्हणजे रुग्णांना भेटून धीर देण्याचं पाळकांचं प्रशिक्षण, केलंय का कोणी? रुग्णाला भेटून आलं की झालेलं बोलणं आठवून शब्दन् शब्द लिहायचं आणि गटासमोर वाचायचं. आमच्यातल्या एकाने लिहिलं होतं: बाई म्हणाली, "बाळ रडलंच नाही." हा म्हणाला, "आपण प्रार्थना करू या." पर्यवेक्षकांनी त्या ओळीखाली रेघ मारली आणि विचारलं, "घाई कोणाला होती, तिला की तुला?" हे घरी बसून कोण शिकवणार?

साधा_विश्वासी: हं. हे आमच्या त्या साहेबांना शिकवलं असतं तर बरं झालं असतं. तेवढं ठेवा, बाकी काढा.

हट्टी_वाचक: चला, तीन वर्षांतलं काहीतरी वाचलं म्हणायचं!

ग्रीकपीडित: ताळेबंदावर कोणीच बोलत नाहीये.