रत्नागिरीहून मुंबईपर्यंत मूत्रपिंड टिकते का?

प्रश्न : लांजेकर
माझे मेहुणे तीन वर्षांपासून डायलिसिसवर असून त्यांचे नाव मुंबईतील प्रतीक्षायादीत आहे. गेल्या पावसाळ्यात त्यांना तपासणीसाठी नेताना महामार्गावर आम्ही दहा तास अडकलो, आणि तेव्हापासून एक प्रश्न मनातून जात नाही. उद्या आपल्याच जिल्ह्यात कोणी अवयवदान केले, तर तो अवयव एवढ्या प्रवासात जिवंत राहील का? अवयव टिकवणाऱ्या नव्या यंत्रांविषयी वाचनात येते. त्यांचा आपल्यासारख्यांना खरोखर उपयोग आहे का?

उत्तर : भूलतज्ज्ञ, चिपळूण
मूत्रपिंडापुरते उत्तर दिलासा देणारे आहे. विशिष्ट द्रावणाने धुऊन, निर्जंतुक पिशव्यांत बंद करून, बर्फाच्या पेटीत ४ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवलेले मूत्रपिंड साधारण २४ ते ३६ तास वापरण्याजोगे राहते, मात्र जितके लवकर बसवावे तितके चांगले. यकृताला सुमारे १२ तास मिळतात आणि हृदयाला जेमतेम ४ ते ६, म्हणून हृदयासाठी आपला रस्ता आजही फार लांब आहे.

थंडीमुळे पेशींची भूक मंदावते, थांबत नाही. प्राणवायूवाचून त्यांची झीज चालूच राहते. यंत्र नेमके येथे वेगळे ठरते, कारण ते अवयवातून द्रावण किंवा रक्त सतत फिरवत ठेवते. शरीराच्या तापमानाला चालणाऱ्या यंत्रावर यकृत पित्त तयार करते की नाही, हे बसवण्यापूर्वीच पाहता येते. वयस्कर दात्यांचे किंवा चरबी साठलेले यकृत पूर्वी अनेकदा नाकारले जाई, आता ते पारखून घेता येते. या यंत्रांची मागणी वाढण्यामागे हे मोठे कारण आहे, असे मला वाटते. झुरिकमधील पथकाने तर तीन दिवस यंत्रावर ठेवलेले यकृत २०२१ मध्ये रुग्णाला बसवले.

उत्तर : गुहागरची परिचारिका
डॉक्टरांचे म्हणणे योग्यच आहे, परंतु लांजेकरदादा, आपल्याकडे अडचण यंत्राच्या बरीच आधी सुरू होते. दात्याचा मेंदूमृत्यू, म्हणजे मेंदूचे काम कायमचे थांबल्याचे, जाहीर करण्यासाठी चार डॉक्टरांच्या समितीने सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करावी लागते, आणि तोपर्यंत दात्याचा रक्तदाब व श्वास अतिदक्षता विभागात सांभाळावा लागतो. अपघातातील रुग्ण तेथवर पोहोचलाच नाही, किंवा नातेवाइकांशी वेळेवर कोणी बोललेच नाही, तर टिकवायला अवयवच हाती येत नाही. मी दोन कुटुंबांशी असे बोलले आहे. त्या वेळी शब्द सापडत नाहीत, पण बोलावे लागते.

नेत्रदानाला मात्र यातले काहीच लागत नाही. मृत्यू घरी झाला तरी सहा तासांच्या आत नेत्रपेढीचे पथक पारपटल (डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, कॉर्निया) काढून घेऊ शकते, आणि ते साठवण्याच्या साध्या ‘एमके’ नावाच्या द्रावणातही ते सुमारे चार दिवस टिकते.

लांजेकर
दोघांचेही मनापासून आभार. मेहुण्यांच्या डायलिसिस केंद्रात येणाऱ्या नातेवाइकांसाठी हे सारे मराठीत लिहून भिंतीवर लावण्याची परवानगी मी सोमवारी मागणार आहे. ताई, मजकूर एकदा तपासून द्याल का?