अनुभव धागा: गृहपाठ मनावर का घ्यावा? सीमाभागातून लिहा

शाळा सुरू होऊन वह्या भरायला लागल्यात आणि संध्याकाळ झाली की घरोघरी एकच हाक, 'गृहपाठ झाला काय रे?' बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडीकडच्या पालकांनी, शिक्षकांनी, पोरांनीसुद्धा इथं लिहावं. उपदेश नको, बघितलेलं लिहा. माझं मत आधीच सांगतो: आपल्याला काय येत नाही, हे स्वतःच्या हातानं गृहपाठ केल्याशिवाय कळत नाही.

शिक्षिका, खानापूर तालुका
वर्गात सगळी एका सुरात उत्तर देतात. कुणाला आलं आणि कुणी नुसते ओठ हलवले, ते ऐकून समजत नाही. वजाबाकी शिकवली, सगळे 'समजलं टीचर' म्हणाले. दुसऱ्या दिवशी एका मुलीच्या वहीत 402 − 178 = 376. खालची गणितंही तशीच. नीट बघितल्यावर उमगलं, ती प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करत होती. 2 मधून 8 जात नाहीत, म्हणून 8 मधून 2. दशकाच्या घरात शून्य, मग उसनं घ्यायचं कुणाकडून, तिथं तिची गाडी अडलेली. काड्यांचा शंभराचा गठ्ठा सोडून दहा-दहाचे केले, त्यातला एक परत सोडला, तेव्हा 224 आलं आणि तिला ते पटलंही. शेजारणीचं बघून तिनं 224 लिहून आणलं असतं तर मला पत्ताच लागला नसता. चुकलेलं चालेल, पण स्वतःचं आणा, हे मी पोरांना रोज सांगते.

आई, निपाणी
आमच्या घरात कन्नड कुणालाच वाचता येत नाही. कर्नाटकाच्या 2015 च्या कायद्यानंतर टप्प्याटप्प्यानं सगळ्याच शाळांत कन्नड सक्तीची झाली. लेकीचा कन्नडातला 'प' आणि 'व' यांत सारखा घोटाळा व्हायचा. एकाचं पोट वरून उघडं, दुसऱ्याचं मिटलेलं, फरक काय तो एवढाच. मी सूप मांडीवर घेऊन विड्या वळायची, ती शेजारी बसून लिहायची आणि लिहिलेलं मोठ्यानं वाचायची. मला अर्थ कळायचा नाही, पण ती अडखळली की कळायचं. 'परत वाच की गं,' एवढंच म्हणायची. आता स्टँडवर बसचा बोर्ड तीच वाचून सांगते. ज्यांच्या घरी कन्नड कानावर पडत नाही, त्यांच्या पोरांना शाळेबाहेर सराव मिळणार तो गृहपाठातच.

दहावीचा विद्यार्थी, बेळगाव
एसएसएलसी, म्हणजे आमची दहावीची परीक्षा, 625 मार्कांची. पहिली भाषा 125, बाकीचे विषय 100 चे, त्यात 20 मार्क शाळेकडे. बरेच जण त्या 20 साठी गाईडमधून उतरवतात. वही सुंदर दिसते, पण प्रमेयात 'का?' विचारलं की गप्प.

मानसशास्त्राचे प्राध्यापक
जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरगट स्वतःच पाठ करून विसरण्याचा अभ्यास केला. 1885 साली तो प्रसिद्ध झाला. शिकल्यावर पहिल्या काही तासांतच विसरणं सगळ्यांत जास्त होतं, असं त्यात दिसलं. दुपारी शिकवलेलं संध्याकाळी पुस्तक मिटून आठवून लिहिलं तर ते जास्त टिकतं.

शेतकरी, बेळगाव तालुका
सगळं मान्य. पण सुगीत पोरं शाळेतून येतात ती थेट रानात, आम्हालाही त्यांचे हात लागतात. रात्री पेंगत 'धडा दोनदा उतरवा' करायचं, त्यानं काय शिकणार? चार गणितं द्या, पण विचार करायला लावणारी द्या. आणि दिलेलं तपासा. खाली नुसती सही बघितली की पोरगं दुसऱ्या दिवसापासून उरकायला लागतं.

शिक्षिका, खानापूर तालुका
दादा, तुमचं बरोबर आहे. सगळ्या वह्या रोज बारकाईनं बघणं मला जमत नाही, म्हणून एका दिवशी एकाच रांगेच्या बघते, पण प्रत्येक पायरी वाचते. सुगीत गृहपाठ कमी देते आणि शाळा सुटण्याआधीचा थोडा वेळ त्यालाच ठेवते. तुम्ही घरी एवढंच करा: जेवताना 'आज काय लिहिलंस, मला सांग' म्हणा. तुम्हाला तो विषय येत नसला तरी चालेल.