बाहेर पडतं, पण पुढे?

इंधनासाठी जनुक बदललेलं शैवाल वाढवायला, ते बाहेर पसरेल या भीतीने, लोकांचा विरोध असतो. 'बंद नळ्यांत वाढवा, म्हणजे लोकांचा विरोध मावळेल' हे पटतं, पण त्या खर्चात इंधन परवडणार कुणाला? स्वस्तात हवं तर उघडी तळीच, आणि तिथून शैवाल बाहेर पडणारच. अमेरिकेत सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने आणि सफायर एनर्जी या शैवाल-इंधन कंपनीने ईपीएच्या (तिथल्या सरकारी पर्यावरण संरक्षण संस्थेच्या) परवानगीने उघड्यावर ५० दिवस चाचणी घेतली होती. निष्कर्ष २०१७ साली छापून आले. आसपास ठेवलेल्या पाण्याच्या भांड्यांत जनुक बदललेलं शैवाल पोचलंच. (चमकणाऱ्या हिरव्या प्रथिनाचं जनुक मुद्दाम घातलं होतं, त्यामुळे लपणार कुठे!) मात्र स्थानिक तळ्यांच्या पाण्यात मूळच्या शैवालांना ते हटवू शकलं नाही.

'पसरतच नाही' म्हणणाऱ्यापेक्षा 'पसरतं, पण वरचढ होत नाही' म्हणणाऱ्यावर माझा तरी लवकर विश्वास बसतो. अर्थात ५० दिवस म्हणजे काहीच नाही.